साचेखात्यातला अनाहत नाद

ऑक्टोबर अर्धा उलटला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली सातवीण फुलते आणि माझं डोकं उठतं. लोकांना त्या वासाचं कोण कौतुक! संध्याकाळी फिरायला निघालेली मंडळी झाडाखाली थांबून छाती भरून श्वास घेतात आणि काय सुगंध आहे म्हणून एकमेकांना सांगतात. मला तो सहन होत नाही. गोड, जड, घशाशी येऊन बसणारा वास. त्यात उकाडा. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, आणि पंखा नुसती गरम हवा ढवळतो. असल्या दिवसांत माणसाने आपल्या घरात गप पडावं, तर यंदा सोसायटीच्या हॉलमध्ये मनःशांतीचं शिबिर भरलं आणि सुनेने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. "आई, तुम्हाला बरं वाटेल," म्हणाली. मला काय झालं होतं?

गेले. शिकवणारी मुलगी आवाजाने गोड होती. तिने आम्हां सगळ्या साठीच्या बायकांना सतरंजीवर बसवलं, मोबाईलवर कुठल्यातरी घंटेचा आवाज लावला आणि म्हणाली, "आता बाहेरचं सगळं सोडून द्या. फक्त आतला आवाज ऐका." एवढं ऐकलं आणि मला हसू फुटलं. दाबायला गेले तर जास्तच फुटलं. शेजारच्या बाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. शेवटी पायाला मुंग्या आल्याचं सांगून उठले आणि घरी आले.

आई गॅलरीत तिच्या खुर्चीत बसली होती. माझी आई. ऐंशी कधीच ओलांडली तिने, आणि बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. "इतक्यात इलंस?" तिने विचारलं.

"आतला आवाज ऐकायला सांगत होती ती मुलगी," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग दोघीही हसलो. "आपल्या घरात एकान आयकल्यान तेवढो पुरे," आई म्हणाली.

त्या एकाची, म्हणजे माझ्या बाबांची, ही गोष्ट आहे. गोष्ट तरी कसली! एका ऑक्टोबरचा वैताग आहे, आणि दरवर्षी हे झाड फुललं की तो नव्याने वर येतो.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला टेकडीच्या उतारावर चाळीत राहायचो. एक खोली, तिच्यातच ओट्यापुरतं स्वयंपाकघर. बाबा विणकर. मालवणकडून कोवळ्या वयात मुंबईत आले ते गिरणीच्या साचेखात्यात लागले. साचे म्हणजे माग. शेकडो साचे एका छपराखाली एकदम चालायचे. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटायचा आणि तिकडून इकडे. एकदा शाळेत असताना बाबांचा डबा द्यायला गेले होते तेव्हा दारातच माझ्या छातीत धडधडायला लागलं. आत कुणी कुणाशी बोलत होतं आणि आवाज मात्र कुणाचाच नव्हता. साचेखात्यात तोंडाने ओरडून उपयोग नसतो. सगळे एकमेकांच्या ओठांकडे आणि बोटांकडे बघून बोलायचे, हसायचे, शिव्यासुद्धा द्यायचे. बाबांनी पलीकडच्या रांगेतल्या माणसाला ओठांनीच काहीतरी सांगितलं आणि तो मान डोलावून माझ्याकडे बघून हसला.

मग गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही. बाबा घरी बसले.

त्याआधी बाबा आम्हाला रोज थोडेसेच माहीत होते. आता ते अख्खे वाट्याला आले. ते बोलत म्हणजे ओरडत. मीठ मागितलं तरी शेजारच्या तीन खोल्यांतून कुणीतरी मीठ घेऊन येईल अशा आवाजात मागायचे. त्यांना ऐकू कमी येतं हे आम्हाला कळत होतं, पण ते मान्य करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आम्ही काही विचारलं की भिंतीकडे बघत भलतंच उत्तर द्यायचे, आणि ते भलतं आहे असं म्हटलं की चिडायचे. मरोळच्या कारखान्यांतून कुठे कुठे काम मिळत होतं. जायचे, आठवडाभर टिकायचे, मुकादमाशी भांडून परत यायचे.

आणि ताट. जेवताना मध्येच, काही कारण नसताना, बाबांचं ताट उडायचं. एकदा बांगड्याची आमटी माझ्या हिशेबाच्या पुस्तकावर येऊन पडली, ती पानं शेवटपर्यंत पिवळी राहिली. नेमकं काय बिनसलं ते कधीच कळायचं नाही. कुणी काही बोललेलं नसायचं. आई चुलीशी पाठमोरी किंवा अर्धवट वळून बसलेली, मी भात कालवत असलेली, खोलीत भांड्यांचा काय तो आवाज. आणि धाडकन ताट!

कुणी काही बोललेलं नसायचं असं मी म्हणते. म्हणजे ऐकू येईल असं. आई मात्र बोलायची. तिची ती सवयच होती. नवऱ्याला उलट बोलायचं नाही अशा घरातून ती आलेली. म्हणून ती नुसते ओठ हलवायची. आवाजाचा टिपूस नाही. फोडणी देताना, पोळी लाटताना, त्यांच्यासमोर ताट ठेवून मागे सरकताना. मनातलं सगळं ओठांवर येऊन जायचं आणि तिचं तिलाच बरं वाटायचं. बहिऱ्या माणसासमोर एवढी काळजी कशाला, असं मला वाटायचं. पण ती तिची अदब होती.

अशात माझी परीक्षा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला अकाउंट्समध्ये अडकले होते आणि तो पेपर ऑक्टोबरात पुन्हा द्यायचा होता. दिवसभर बाबा घरात. खोलीत अभ्यास कसा व्हायचा? त्यांनाही ते समजत असावं. कारण एक दिवस ते दुपारचे टॉवेल खांद्यावर टाकून जोगेश्वरीच्या लेण्यांत जाऊन बसायला लागले. आमच्याकडून ती चालत जाण्याजोगी. पायऱ्या उतरून खाली गेलं की एकदम गार लागतं. आत देवीचं देऊळ, बाकी सगळा काळोख, जाड खांब, ओल. बाबा म्हणायचे, "थंय कोण माका इचारीत नाय, कामाक कित्याक गेलंस नाय म्हणान." एवढाच त्यांचा हेतू होता. देवीला लांबून हात जोडायचे आणि खांबाला टेकून बसायचे.

तिथे त्यांना सर भेटले.

सर म्हणजे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ. रस्त्यापलीकडच्या सोसायटीत राहायचे. तिथे आठवड्यातून एकदा त्यांचं चिंतन-मंडळ भरायचं. बँकेतले, विमा कचेरीतले, शाळांतले असे पंधरावीस लोक. मंडळ मोकळ्या मनाचं होतं. आज या धर्माचं वाचायचं, पुढच्या वेळी त्या धर्माचं, मग देवच न मानणाऱ्यांचं. वाचून झालं की सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं. सर कधीकधी लेण्यांत येऊन बसत. टॉवेल टाकून, डोळे मिटून, ताठ बसलेला हा माणूस त्यांनी लागोपाठ काही दिवस पाहिला. त्यांना वाटलं, साधक आहे. बाबांना डुलकी लागलेली असायची.

शेवटी सरांनी विचारलंच, की इतका वेळ बसता, तर आत काय जाणवतं?

बाबा म्हणाले, "आत वाजतंय."

"काय वाजतं?"

"शिट्टीसारखा. बारीक. थांबतच नाय. हय शांत आसा म्हणान मोठ्यान आयकाक येता."

सरांनी म्हणे त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. आघात न होता उमटणारा तो नाद, ज्याच्यासाठी लोक जन्म घालवतात, तो या माणसाला आपोआप लागला आहे, असं सर समजले. तो अनाहत नाद, असं त्यांनी बाबांना सांगितलं. बाबांनी तो शब्द तोंडात घोळवत घरी आणला.

पुढचे दिवस मला आठवले की अजून संताप येतो. बाबा मंडळात जायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, जो ते फक्त गणपतीला घालायचे. मंडळातली सुशिक्षित माणसं वर्षानुवर्षं डोळे मिटून बसत होती आणि त्यांना पायाच्या मुंग्यांपलीकडे काही लागलं नव्हतं. बाबांना मात्र बसल्या बसल्या नाद! त्यांच्याकडे सगळे आदराने बघायला लागले. मंडळातल्या एक काकू तर भर रस्त्यात, चाळीच्या नळासमोर, त्यांच्या पाया पडल्या. "आज कसा होता नाद?" त्यांनी विचारलं. बाबा चाळभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज बरो होतो. काल जरा जास्तीच होतो."

नळावरच्या बायकांनी आईला नाद म्हणजे काय ते विचारलं. आई म्हणाली, "माका काय ठावक? नाद लागलो हा खरो."

आणि घरी साधना. मी खाली बसून ताळेबंद जुळवतेय, घेणं एकीकडे देणं दुसरीकडे, आणि बाबा खाटेवर मांडी घालून. जरा माझी पट्टी खाटेला आपटली, की, "गप रवा! मी शांत बसलंय!" त्या ओरडण्याने शेजारचं पोर रडायला लागायचं. तेही बाबांना ऐकू जायचं नाही. आईने कुकर लावला की शिट्टीच्या वेळी मी त्यांच्याकडे बघायची. चेहऱ्यावर काही नाही. एकदा न राहवून मी त्यांच्यासमोर जाऊन मोठ्याने म्हटलं, "बाबा, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही आणि आतली येते?"

"बाहेरचा सुटला म्हणानच आतला येता. सर म्हणाले," बाबा म्हणाले.

मी पुस्तकात डोकं घातलं. त्या वेळी मला खरोखर वाटायचं, की जगात कुणाचाही बाप असा नसेल. वैताग वैताग यायचा. आणि त्या सगळ्या नादानंतरही ताट उडायचंच. मी आईला म्हणायची, हे कसलं अध्यात्म? आई ओठ हलवून काहीतरी म्हणायची.

डॉक्टरकडे न्यायचं माझ्या मनात होतंच, पण ते कशाला येतील? शेवटी काकूंनीच काम सोपं केलं. त्यांनी मंडळात कुठूनसं ऐकलेलं सांगितलं, की नाद उजव्या कानात असेल तर प्रगती जास्त. बाबांना दोन्ही कानांत होता. उजव्या कानात जास्त की डाव्या, हे त्यांना नक्की करून हवं होतं. म्हणाले, "कानाच्या डॉक्टराक कळात मा?" मी म्हटलं, "शंभर टक्के कळेल. चला."

सरकारी इस्पितळात कानाच्या विभागात बाकावर बसलो. तिथेही कुठूनतरी हाच सातविणीचा वास येत होता, फिनेलमध्ये मिसळलेला. डॉक्टर तरुण होते. तपासलं, कानाशी घुमणारा स्वरकाटा वाजवून पाहिला, मग विचारलं, "गिरणीत होतात का? साचेखात्यात?" बाबा खूश झाले. ज्ञानी माणूस दिसतो, असं माझ्याकडे बघून त्यांनी भुवईने सांगितलं. मग डॉक्टर कागदावर मान घालून, लिहिता लिहिता सांगायला लागले आणि बाबा ऐकू येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा पुढे वाकायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी आवाज चढवला. इतका, की बाकावरचे सगळे पेशंट आमच्याकडे वळले. "बाबा, हा यंत्रांचा आवाज आहे! कानाच्या आतल्या नसा खराब झाल्या, की अशी शिट्टी वाजते! सगळ्या विणकरांना होतं! उपाय नाही! सवय करून घ्या!"

मला मनातून वाटत होतं, की आता खरं कळल्यावर आपल्याला हायसं वाटेल. पण बाबा मान खाली घालून शर्टाची बाही सरळ करत बसले आणि मला रडू यायला लागलं. इतकी चीड आली सगळ्यांची! गिरणीची, सरांची, काकूंची, त्या ओरडणाऱ्या डॉक्टरांची. त्या माणसाकडे काम नव्हतं, मान नव्हता, आणि जे एक सापडलं होतं तेही भर गर्दीत ओरडून काढून घेतलं होतं.

बसस्टॉपवर आलो. बस येऊन गेली तरी बाबा चढले नाहीत. मग म्हणाले, "गिरण बंद झाली, पण माका काय सोडल्यान नाय." त्यांच्या मानाने हळू म्हणाले. रांगेतल्या दोनतीन जणांनाच ऐकू गेलं.

मला वाटलं मंडळ आता संपलं. पण त्या आठवड्यात त्यांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला. "तू पण चल," म्हणाले, "माका कोण काय बोलता ता नीट आयकाक येणा नाय." त्यांनी हे असं सरळ कबूल केलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. पेपर तोंडावर आला होता, तरी गेले. हॉलमध्ये सगळे बसलेले. बाबा उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "माझा नाद साच्याचा निघाला. डॉक्टर म्हणाले, नसा गेल्या. अनाहत बिनाहत काय नाय. तुमचा गैरसमज झाला, माझाही झाला. सांगायला पाहिजे म्हणून सांगतो."

काकूंना ते मुळीच पटलं नाही. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना शरीरातलं कळतं, हे शरीरापलीकडचं. एक बँकवाले म्हणाले, साचा हे नुसतं निमित्त. दुसरे म्हणाले, मग सगळ्या गिरणगावाला मोक्ष मिळाला म्हणायचा. तिसऱ्यांना राग आला. झालं! शांती शोधायला जमलेली माणसं तावातावाने भांडायला लागली आणि बाबा मध्ये उभे. एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते.

सरांनी सगळ्यांना थांबवलं. ते बाबांच्या समोर येऊन उभे राहिले आणि नीट, सावकाश म्हणाले, "चूक माझी. मी न विचारता नाव ठेवलं. ऐकण्याआधी मला वाचलेलं आठवलं." मग विचारलं, "आता काय करणार?"

"बसणार," बाबा म्हणाले. "बसायची सवय झाली आता."

सर हसले. म्हणाले, "आवाज कुठून येतो ते तुम्ही मागे मागे जाऊन शोधलंत ना? तसंच एक शोधा. तुमचा राग कुठून येतो? घरी ताट फेकता असं तुम्हीच सांगितलं होतंत. त्याआधी काय होतं? त्याच्याही आधी? बघत जा. नाव ठेवू नका."

ताट फेकतो हे बाबांनी मंडळात सांगितलं होतं, हे ऐकून मी थक्क झाले. घरी कधी एका शब्दाने त्याविषयी बोलले नव्हते.

त्यानंतरचे बाबा आधीपेक्षा त्रासदायक होते. नाद होता तेव्हा निदान डोळे मिटून एका जागी असायचे. आता ते रागाचा अभ्यास करायला लागले. सरांनी मोकळ्या मनाने सगळ्यांकडून शिका म्हटलं होतं, ते बाबांनी शब्दशः घेतलं. मरोळच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसले आणि प्रार्थना संपल्यावर फादरना गाठून विचारलं, तुम्ही लोक रागाचं काय करता? होडीने गोराईला गेले, तिथल्या एका म्हाताऱ्या कोळिणीला तेच विचारलं. ती म्हणाली, समुद्रावर जाऊन शिव्या देते. हे त्यांना फार आवडलं. घाटकोपरला जैन मुनींच्या प्रवचनाला गेले. तिथे सगळे मुखावर पट्टी बांधून हलक्या आवाजात बोलणारे, आणि हे मध्येच उठून ओरडले, "पण राग सुरू कुठून होतो?" त्यांना तिथून घेऊन यायला चाळीतल्या एका ओळखीच्याला जावं लागलं. घरी येऊन आम्हाला सगळा वृत्तांत. मी जमाखर्च मांडतेय, आणि बाबा सांगताहेत, की मशिदीजवळच्या अत्तरवाल्याचं म्हणणं पडलं, राग आला तर उभा असेल त्याने बसावं, बसला असेल त्याने आडवं व्हावं. मग त्यांनी ते करूनही पाहिलं. जेवता जेवता अचानक आडवे झाले. आईने हंबरडा फोडला, तिला वाटलं झटका आला.

बाबा म्हणायचे, धागा तुटला की साचा थांबवायचा आणि तुटल्या टोकापर्यंत हात मागे न्यायचा. ते तसंच करत होते. जेवताना घास हातात धरून थांबायचे. तोंड लाल व्हायचं. ताटाची कड धरायचे, सोडायचे. मी माझं पुस्तक मागे ओढायची.

दिवाळी जवळ आली होती. संध्याकाळी आई करंज्या करायला बसलेली, मी सारण भरून देत होते. डोक्यात पेपर, कपाळावरून घाम, उघड्या खिडकीतून तो गोड जड वास आणि तळणीचा धूर. बाबा खाटेवर बसून आईकडे बघत होते. नुसते बघत होते. करंज्यांच्या कडा कापणारं आईच्या हातातलं कातणं चालू होतं आणि ओठही.

"उचल रे देवा हेका, म्हंजे मी सुटान," बाबा म्हणाले.

अगदी हळू. मला वाटलं ते स्वतःविषयीच काही म्हणताहेत. पण आईचा हात थांबला.

"ह्यांच बोललंस मा आत्ता?" बाबा म्हणाले. "त्याच्याआधी म्हणालंस, बसलो हा देव होवन. काल म्हणालंस, गिरणीत मेलो असतो तर बरा झाला असता. माका सगळा दिसता. उभी हयात मी ओठ वाचून काम केलंय."

करंजी तेलात जळायला लागली होती. कुणी काढली नाही. मला एकामागून एक सगळी ताटं आठवायला लागली. कुणी काही बोललेलं नसताना उडालेली. आम्ही दोघी त्यांना बहिरा समजत होतो, आणि त्या खोलीत आईचा एकूण एक शब्द पोचत होता. माझ्यापर्यंत नाही, त्यांच्यापर्यंत. साचेखात्याच्या दारात उभी राहून मी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"सर म्हणाले, राग खंयसून येता ता बघ," बाबा म्हणाले. "बघलंय. तुझ्या ओठातसून येता. आता तुझ्या ओठात खंयसून येता, ता तू बघ."

आई पांढरी पडली होती ती एकदम लालभडक झाली. "माझ्या ओठात खंयसून येता?" तिला आवाज सापडला, आणि चांगलाच मोठा सापडला. "तुमच्या ताटातसून येता! मी रांधतंय आणि तुम्ही फेकतास, थंयसून येता! माका शिकवू नकात तुमचा चिंतन!" आणि कातणं टाकून ती मोरीत जाऊन तोंड धुवायला लागली. बराच वेळ धूत होती. बाबा उठले, खाली बसले, झाऱ्याने जळकी करंजी बाहेर काढली आणि उरलेल्या सगळ्या तळल्या. निम्म्या फुटल्या. त्यांचं सारण तेलात गेलं आणि तेल वाया गेलं.

पुढचे काही दिवस घर भयंकर होतं. आईने ओठ शिवल्यासारखे मिटले. ना आवाजाने, ना आवाजाशिवाय. मला तो मूकपणा उडत्या ताटांपेक्षा वाईट वाटायचा. बाबा मात्र रोज तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. आणि एक नवीनच. मी काही बोलले की माझ्याही तोंडाकडे बघायचे. मी विचारलेल्याचं दर वेळी बरोबर उत्तर यायला लागलं. "बाबा, चहा?" "होय, पण साखर कमी." मी दचकायची. इतकी वर्षं ते भिंतीकडे का बघत बसले होते, कोण जाणे. कदाचित आमच्याकडे बघितलं की काय काय दिसायचं, म्हणून.

ताट मग उडालं नाही. बाबा संत झाले असं नाही. ओरडायचे तसेच ओरडायचे, मंडळात भांडायचे, काकूंना मुद्दाम विचारायचे, आज नाद आला का. शिट्टी त्यांच्या कानात शेवटपर्यंत वाजत होती. लेण्यांत जाऊन बसणंही चालू राहिलं. मी विचारलं होतं एकदा, की आवाज तर थांबत नाही, मग तिथे जाऊन मिळतं काय? म्हणाले, "तो वाजता. मी बसतंय." यातून मला आजही काही कळलेलं नाही, आणि शिबिरातल्या त्या मुलीला विचारलं तर ती याचं काहीतरी छान करून सांगेल अशी भीती वाटते, म्हणून विचारत नाही.

पेपरच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. मी खाटेखाली पुस्तकं पसरून बसले होते. बाबा लेण्यांतून आले, पाय धुतले, बसले. आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला. नेहमीसारखी मागे सरकली नाही. तिथेच, त्यांच्यासमोर खाली बसली, पदराने तोंड पुसलं, चेहरा नीट उजेडाकडे केला आणि बोलायला लागली. आवाजाशिवाय. सावकाश, एकेक शब्द ओठांवर मांडत. बराच वेळ बोलत होती. मध्ये थांबली, बाबांनी मान हलवली, पुन्हा बोलली. बाबांचा चहा निवला. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांचेही ओठ नुसतेच हलले. ज्या माणसाला मीठ हळू मागता येत नव्हतं, तो आवाज न करता बोलत होता! आई हसली. मग बाबा हसले, आणि टॉवेलने डोळे पुसायला लागले.

"काय म्हणालीस गं?" मी विचारलं.

"तुका कित्याक व्हया?" आई म्हणाली. "तू अभ्यास कर."

"बाबा, काय म्हणाली?"

"उद्या पेपर आसा मा तुझो?" बाबा म्हणाले.

कसा व्हायचा अभ्यास? अकाउंट्समध्ये मी कशीबशी काठावर सुटले.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. शिबिरातून लवकर परतले त्याच संध्याकाळी शेजारच्या बाई, त्याच एक डोळा उघडणाऱ्या, माझ्या पायाची चौकशी करायला आल्या. गॅलरीत आई बसली होती. समोर एक रिकामी खुर्ची असते, ती कुणी हलवलेली तिला खपत नाही. आईचे ओठ हलत होते. हलायचे, थांबायचे, मग ती जराशी पुढे वाकायची, आणि पुन्हा हलायचे.

"आजींचं नामस्मरण अखंड चालू असतं," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. "नशीबवान आहात हो, घरात असं माणूस आहे."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात आई त्या खुर्चीकडे बघून हसली, आणि मी बाईंना बसा म्हटलं. खालून सातविणीचा वास येत होता. मी आईच्या समोर वाकून तिच्या ओठांकडे नीट बघितलं. अजूनही मला एक अक्षर कळत नाही.